दिवा लागला, पण किल्ली कोणाकडे?



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात नववीचा एक मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. आदल्या रात्री त्याच्या घरी टीव्हीवर ‘स्वदेस’ हा २००४ सालचा सिनेमा लागला होता. त्यात गावकरी डोंगरावरचे पाणी अडवतात, नळातून खाली सोडतात, चाक फिरते आणि एका म्हातारीच्या घरात बल्ब पेटतो. हा प्रसंग त्याच्या मनात घर करून बसला होता. त्याने विचारले, “काका, असं खरंच कुठं झालंय का? की नुसता सिनेमाच?”

आम्ही म्हणालो, “झालंय बाळा. आणि लांब कुठं नाही, आपल्याच महाराष्ट्रात.”

त्याचा चेहरा उजळला. लगेच दुसरा प्रश्न आला, “मग आता तिथली वीज कशी चालते?”

या प्रश्नाला मात्र आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. म्हणून आजचे हे सदर त्या मुलासाठी आणि त्याच्यासारखा प्रश्न पडणाऱ्या सर्वांसाठी लिहीत आहोत.

महाराष्ट्राच्या अगदी वरच्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात अक्राणी तालुका आहे. धडगाव हे तालुक्याचे गाव. या भागात प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा आदिवासी राहतात. त्यांच्या पाड्यांची घरे एका ठिकाणी नसतात. या टेकडीवर चार, त्या टेकडीवर सहा, अशी विखुरलेली असतात. अशा गावात वीज न्यायची म्हणजे खांब किती, तार किती आणि बिलाची वसुली किती, असा हिशेब कचेरीत मांडला जातो. हिशेब तोट्याचा निघाला की फाईल खाली जाते. आम्ही स्वतः कारकून आहोत, बी.कॉम. शिकलो आहोत. फाईल खाली कशी जाते हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

याच तालुक्यात उदई नदीच्या काठी बिलगाव नावाचे गाव आहे. उदई पुढे नर्मदेला मिळते. बिलगावला नदीचा नैसर्गिक धबधबा आहे. पिढ्यान् पिढ्या गावाने तो पाहिला, पण त्या पाण्यात दिवा आहे हे कोणी सांगितले नव्हते. नर्मदा बचाओ आंदोलनातले कार्यकर्ते, केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे तरुण अभियंते आणि परदेशात राहणाऱ्या भारतीयांची ‘एड’ ही संस्था असे सगळे गावाबरोबर बसले. पैसा मुख्यतः बाहेरून आला, यंत्राचे ज्ञान बाहेरून आले, पण अंगमेहनत गावाची होती. बाया-माणसांनी श्रमदान केले. त्या खडकाळ जागी पाट बांधणे, टाकी उभी करणे आणि जड यंत्र खाली उतरवणे हे काम किती घाम काढणारे असते, हे आमच्या वाचकांपैकी बांधकामावर राबणाऱ्या माणसांना सांगायला नको.

हे काम चालते कसे, तेही सांगतो. नदीवर मोठे धरण बांधायचे नाही. छोटा बंधारा घालून थोडे पाणी पाटात वळवायचे. पाटाच्या शेवटी टाकी असते. टाकीतून मोठ्या नळाने पाणी उंचावरून खाली सोडायचे. त्याच्या जोराने चक्र फिरते, चक्राला जोडलेले जनित्र वीज तयार करते आणि पाणी परत नदीलाच मिळते. कोणाचे शेत बुडत नाही, कोणाचे घर उठत नाही. पाणी जितके जास्त आणि पडण्याची उंची जितकी जास्त, तितकी वीज जास्त. पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला यातले तत्त्व लगेच कळेल.

जानेवारी २००३ मध्ये बिलगावचा प्रकल्प सुरू झाला. क्षमता १५ किलोवॅट. खर्च सुमारे १२ लाख रुपये. लाभ सुमारे १८० कुटुंबांना.

आता आम्हाला आमच्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब करू द्या. १२ लाखाला १८० ने भागले तर दर घरामागे सुमारे ६,६६७ रुपये पडतात. १५ किलोवॅट म्हणजे १५,००० वॅट. ते १८० घरांत वाटले तर दर घराला सुमारे ८३ वॅट येतात. म्हणजे फ्रीज नाही, इस्त्री नाही. दोन दिवे, फार तर एक छोटा पंखा. शहरातल्या माणसाला हे हसण्यासारखे वाटेल. पण ज्या घरात सूर्य मावळला की चिमणी पेटवायची आणि रॉकेल संपू नये म्हणून लगेच विझवायची, त्या घरात दोन दिवे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे.

कारण आमच्या गावी विजेचा खांब आला तो आमच्या वस्तीच्या अलीकडेच थांबला होता. तारा आमच्या छपरांवरून पलीकडच्या मळ्यातल्या पंपाला गेल्या. आम्ही सातवीपर्यंत चिमणीवर अभ्यास केला. सकाळी नाक शिंकरले की काजळी यायची. आईने एकदा विचारले होते, “डोक्यावरून जाते, मग घरात का येत नाही?” त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात आम्हाला अजून सापडलेले नाही.

बिलगावच्या विजेचे मोल दोन दिव्यांपुरते नव्हते. विजेचा निर्णय गावाने घेतला होता. ती कोणाच्या मेहेरबानीने आलेली नव्हती, आणि बिल भरले नाही म्हणून वरून कोणी तोडणार नव्हते. चाक कसे फिरते हे गावातल्या पोरांनी पाहिले होते. ज्या समाजाला शतकानुशतके ‘अडाणी’ म्हणून हिणवले, त्याने वीजघर उभारण्यात आपला हात घातला होता. दिवा लागला तसा आत्मविश्वासही आला. त्याआधी २००० साली त्याच खोऱ्यातल्या डोमखेडी गावात असाच एक अगदी छोटा प्रयोग झाला होता. एका गावाने पाहून दुसरे गाव शिकले. आम्ही विकास म्हणतो तो असा असतो.

मग पुढे काय झाले? त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

नर्मदेवर खाली गुजरातमध्ये सरदार सरोवर हे प्रचंड धरण बांधले जात होते. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या बुडिताखाली येत होती. २००६ साली धरणाची उंची १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यात आली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पूर आला, धरणाच्या फुगवट्याचे पाणी उदई नदीत मागे सरकले आणि बिलगावचे वीजघर त्यात गेले. सुरू झाल्यापासून साडेतीन वर्षांच्या आसपास हा प्रकल्प चालला असेल.

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करा. सरदार सरोवर हेसुद्धा पाण्यापासून वीज करते. त्यालाही कोळसा लागत नाही, धूर होत नाही. पुस्तकी व्याख्येने दोन्ही प्रकल्प एकाच जातीचे! सरदार सरोवराची क्षमता १,४५० मेगावॅट. बिलगावची १५ किलोवॅट. भागाकार केला तर बिलगाव त्याच्या सुमारे ९७ हजारावा हिस्सा भरते. लाखातला एक म्हणा ना! सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा लवादाने महाराष्ट्राला दिला आहे. म्हणजे कागदावर महाराष्ट्राला सुमारे ३९१ मेगावॅट मिळाले आणि महाराष्ट्रातल्याच एका आदिवासी गावाचे १५ किलोवॅट गेले. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम इतकी छोटी आहे की ती ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली जाते. पण ज्याचे गेले त्याचे सगळेच गेले.

म्हणून आम्ही म्हणतो, वीज कोळशाची की पाण्याची, सूर्याची की वाऱ्याची, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण गरिबाच्या दृष्टीने त्याहून आधीचा प्रश्न वेगळा आहे. ती कोणाच्या मालकीची? किल्ली कोणाच्या कमरेला?

इथे काही वाचक आम्हाला अडवतील. म्हणतील, “अहो, बाबासाहेबांनीच तर मोठ्या धरणांचा आणि विजेचा पाया घातला. तुम्ही उलटे कसे बोलता?” हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. दामोदर नदीच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युत धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी देशाला वीज का हवी याची मांडणी केली. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि कारखानदारीशिवाय या देशाचा गरीब माणूस शेतीच्या ओझ्याखालून सुटणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पण ते तिथेच थांबले नाहीत. वीज खासगी मालकीची असावी की सार्वजनिक, हा प्रश्न त्यांनी त्याच समितीपुढे ठेवला. म्हणजे आम्ही आज जो प्रश्न विचारतो आहोत तो बाबासाहेबांच्या विरोधातला नाही, त्यांनीच शिकवलेला आहे.

दामोदर खोऱ्याचीच पुढची गोष्ट ऐका. ६ डिसेंबर १९५९. त्या दिवशी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली होती. पंचेत धरणाच्या उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले. त्यांनी स्वतः कळ न दाबता धरणावर काम करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ मजूर मुलीच्या हातून उद्घाटन करवले. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो वर्तमानपत्रांत झळकला. आदिवासी मुलीने धरण सुरू केले म्हणून देशाने टाळ्या वाजवल्या. पण स्वागतात तिने नेहरूंना हार घातला होता. संथाळ समाजाच्या पंचांनी ते लग्नच मानले आणि परक्याशी लग्न केले म्हणून तिला समाजाबाहेर काढले. १९६२ साली महामंडळातले तिचे कामही गेले. १९८० च्या दशकात राजीव गांधींपर्यंत तिची कैफियत गेल्यावर तिला पुन्हा नोकरी मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली.

कळ दाबायला आदिवासीचा हात चालला. वहीवर सही करायला मात्र तो हात कोणाला नको होता. आणि समाजाच्या पंचांनी बाईवरच बहिष्कार टाकला, हेही आपण विसरू नये. बाहेरचा अन्याय सांगताना घरातला झाकायचा नसतो.

मग मालकी आदिवासींच्या हाती आल्याचे उदाहरण आहे का? आहे. त्यासाठी सातासमुद्रापार अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नवाहो हा मोठा समाज आहे. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांची राखीव भूमी पसरलेली आहे. १९७० च्या दशकात त्यांच्या भूमीवर २,२५० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र उभे राहिले. कोळसा नवाहो आणि शेजारच्या होपी समाजाच्या डोंगरातला. धूर त्यांच्या आकाशात. वीज मात्र दूरच्या शहरांना. कोलोरॅडो नदीचे पाणी वर उचलून फिनिक्स आणि टुसॉन या वाळवंटी शहरांकडे नेणारे पंप मुख्यतः याच विजेवर चालत. आणि नवाहोंची सुमारे १५ हजार घरे अंधारात! तारा डोक्यावरून जात होत्या. आमच्या आईचा तो प्रश्न अ‍ॅरिझोनातही कोणी आई विचारत असेलच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ते केंद्र बंद झाले. लगेच सगळे छान झाले असे नाही. शेकडो नवाहो आणि होपी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. होपींच्या कारभाराचा बहुतेक पैसा कोळशातून येत होता, तो आटला. कामगार वस्तीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. गिरणी बंद पडली की काय होते ते मुंबईने पाहिले आहे.

पण नवाहोंची एक तयारी आधीपासून होती. १९५९ सालापासून, म्हणजे बुधनीने कळ दाबली त्याच वर्षापासून, त्यांची स्वतःची वीज संस्था आहे. पाणी, वीज, गॅस ती पुरवते आणि ती समाजाच्या मालकीची आहे. या संस्थेने २०१७ साली कायेंटा गावाजवळ सुमारे २७ मेगावॅटचे सौर केंद्र सुरू केले आणि पुढे ते दुप्पट, म्हणजे ५५ मेगावॅटच्या आसपास वाढवले. बांधकामावर बहुतेक कामगार नवाहोच होते. तिथली वीज विकली जाते आणि उत्पन्न समाजाच्याच संस्थेकडे येते. २०१९ साली देशातल्या इतर शहरांच्या सार्वजनिक वीज संस्थांचे लाइनमन स्वखुशीने तिथे गेले आणि नवाहो कामगारांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दोनशेहून अधिक घरांत वीज पोहोचवली. अजून हजारो घरे बाकी आहेत. लढाई संपलेली नाही. पण खांब कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या टेबलाच्या या बाजूला आता त्यांची माणसे बसली आहेत.

आपल्या देशात अशी वाट नाही का? आहे, कायद्यात लिहिलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक कलम आहे. वनजमिनीवर गावासाठी शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी जागा देता येते. त्या यादीत विजेच्या तारा आहेत आणि अपारंपरिक ऊर्जेची साधनेही आहेत. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. २००३ च्या वीज कायद्यात असे आहे की राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटण्यासाठी परवाना लागत नाही. दोन्ही कायदे जोडून वाचा. ओढ्याकाठच्या आदिवासी गावाला आपले छोटे वीजघर किंवा सौर केंद्र ग्रामसभेच्या ठरावाने उभे करण्याचे दार त्यात उघडे आहे. दार उघडे असूनही आत कोणी जात नाही, कारण दार आहे हे सांगायला कोणी जात नाही. आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, वीज मंडळात काम केलेले बांधव आहेत. आदिवासी भागात ज्यांची बदली झाली आहे त्यांनी एवढे तरी करावे: कायद्याचे ते पान ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.

आणि आपल्या वस्त्यांचे काय? सूर्यावरच्या विजेच्या योजना आता शहरातही आल्या आहेत. छपरावर पट्ट्या बसवून देतो म्हणणारे लोक उद्या आपल्या दारातही येतील. तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. जागा कोणाच्या नावावर राहणार? बिघडले तर दुरुस्त कोण करणार आणि ते काम आपल्या मुलांना शिकवणार का? आणि हिशेबाची वही कोणाकडे राहणार? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर पुढे जा. नाहीतर चहा पाजून परत पाठवा.

बिलगावबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. यंत्र बुडाले, पण तो प्रकल्प चुकला म्हणून बुडाला नाही. पाट बरोबर होता, चाक बरोबर होते, माणसे बरोबर होती. धरणाची उंची किती असावी हे ठरवणाऱ्या बैठकीत बिलगावला खुर्ची नव्हती, एवढीच कमतरता होती.

रविवारी त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, म्हणजे वीज करायला शिकायचं, आणि त्या बैठकीत बसायलाही शिकायचं.”

आम्ही त्याला वहीत ते लिहून ठेवायला सांगितले. पुढच्या रविवारी वर्गात आम्ही विजेचे बिल कसे वाचायचे ते शिकवणार आहोत. प्रत्येकाने आपापल्या घरचे बिल घेऊन यावे. आया-बहिणींनीही यावे, घरातला दिवा पहिल्यांदा त्यांच्याच हातून लागतो.